सुवाच्य अक्षर आणि सद्सद्विवेकबुद्धी

दिल्लीकडील डिसेंबरातील रात्र किती बोचरी असते, हे तेथे राहिलेल्यांस सांगावयास नको. अशाच एका रात्री मी नोएडा येथील एका वृद्धनिवासात माझ्या मावशीच्या खाटेशेजारी बसलो होतो. मावशीचे वय ८४. तरुणपणी ती केंद्र सरकारच्या एका खात्यात नोकरीस लागून दिल्लीस आली. सरोजिनीनगरच्या सरकारी वसाहतीत तिने नोकरीची सारी वर्षे काढली आणि निवृत्तीनंतरही ती तिकडेच राहिली. तिने लग्न केले नाही. स्मृती दगा देऊ लागली तेव्हा आम्ही भाचरांनी तिच्यासाठी हे निवासस्थान पाहिले. तेथे वेळेवर जेवण मिळते, स्नानास मदत मिळते, ठरल्या वेळी औषध दिले जाते. डॉक्टर आठवड्यातून दोनदा येऊन जातात.

त्या रात्री मावशीला झोप येईना. कचेरीतील एक फाइल हरवली आहे, ती सकाळपूर्वी सापडली पाहिजे, असे म्हणत ती पुनःपुन्हा उठून बसे. रात्रपाळीची मुलगी झारखंडची, नुकतीच विशी ओलांडलेली. तिने खुंटीला अडकविलेला औषधांचा तक्ता काढला, दिव्याखाली धरला आणि बराच वेळ त्याकडे पाहत राहिली. मग तो माझ्यापुढे करून हळूच म्हणाली, "अंकलजी, यह आधी गोली है, या एक-दो?"

झोपेच्या गोळीच्या नावापुढे '१/२' असे लिहिले होते आणि त्यापुढे 'एसओएस', म्हणजे गरज पडल्यास. मधली तिरपी रेघ घाईत ओढलेली. तो अपूर्णांक आहे की 'एक किंवा दोन' असा विकल्प आहे, हे मलाही सांगता येईना. अर्धी गोळी आणि दोन गोळ्या यांत चौपटीचे अंतर आहे. डॉक्टरांचा फोन लागत नव्हता. मुलगी क्षणभर थांबली आणि म्हणाली, "समझ में नहीं आया, तो नहीं दूँगी." तिने खुर्ची ओढली, मावशीचा हात हातात घेतला आणि ती त्या हरवलेल्या फाइलविषयी मावशीला एकेक प्रश्न विचारीत बसली. तीनच्या सुमारास मावशीचा डोळा लागला. मग तक्त्यावरील त्या रात्रीच्या चौकोनात तिने लिहिले, 'नहीं दी. समझ में नहीं आया.'

दुसऱ्या दिवशी डॉक्टर आले. "अर्धीच," ते म्हणाले. "यात न समजण्यासारखे काय आहे?"

त्यांचा तो प्रश्न माझ्या मनातून अजून गेलेला नाही. न समजण्यासारखे काय आहे, हे लिहिणाऱ्याला बहुधा दिसतच नाही, कारण आपल्याला काय म्हणावयाचे आहे ते त्याला आधीच ठाऊक असते. ते दिसते वाचणाऱ्याला. आणि म्हणूनच, वाचकहो, औषधाची सूचना स्पष्ट लिहिणे ही केवळ हस्ताक्षराची बाब आहे की सद्सद्विवेकबुद्धीची, असा प्रश्न मला पडला. त्याचा विचार आपण मिळून करावा, एवढ्याचसाठी हा लेख.

हा तक्ता कसा चालतो ते आधी पाहू. रुग्णालयात त्यास ड्रग चार्ट म्हणतात. डाव्या बाजूस औषधाचे नाव, त्याची मात्रा, ते पोटात द्यावयाचे की टोचून, आणि द्यावयाच्या वेळा. उजव्या बाजूस महिन्याच्या प्रत्येक दिवसासाठी एकेक चौकोन. औषध दिले की देणाऱ्याने त्या चौकोनात आपली आद्याक्षरे घालावयाची. डॉक्टरांच्या चिठ्ठीवरून हा तक्ता एक परिचारिका उतरवून काढते. औषधविक्रेता गोळ्या पाठवितो. दुसरी कोणी त्या डबीच्या खणांत लावून ठेवते. आणि गोळी प्रत्यक्ष वृद्धाच्या हातावर ठेवणारी व्यक्ती चौथीच असते. परिचारिकांना पाच गोष्टींची खात्री करून घेण्यास शिकवितात : योग्य व्यक्ती, योग्य औषध, योग्य मात्रा, योग्य मार्ग आणि योग्य वेळ. यांतील पहिली सोडली तर बाकीच्या चारही कागदावरूनच कळावयाच्या असतात. कागद मुका राहिला तर त्या चौथ्या व्यक्तीजवळ अंदाजाशिवाय काही उरत नाही.

रुग्णालयात निदान रात्रपाळीचा डॉक्टर असतो, शेजारच्या कक्षात अनुभवी परिचारिका असते. वृद्धनिवास हे घर आणि रुग्णालय यांच्या मधले स्थान आहे. गुरुग्राम, नोएडा, गाझियाबाद, फरीदाबाद येथे गेल्या काही वर्षांत अशी अनेक निवासस्थाने उभी राहिली आहेत. मुले परदेशी किंवा दूरच्या शहरी असलेल्या कुटुंबांचा तो मोठाच आधार आहे. परंतु तेथे रात्री दोन वाजता तक्ता वाचणारी व्यक्ती बहुधा अल्प शिक्षणाची, अल्प वेतनाची आणि गावापासून दूर आलेली असते. मावशीला तर पाच-सहा औषधे आहेत. आपल्या घरी असताना तीच आपली तपासनीस होती. "ही पिवळी सकाळची, रात्रीची नव्हे," असे ती स्वतः सांगे. आता तिच्यापुढे जे धरले जाईल ते ती मुकाट्याने गिळते. शेवटचा पहारेकरी झोपी गेला आहे. अशा वेळी कागदावरील अक्षरावर किती भार येतो, याची कल्पना करावी.

अक्षराने होणारी हानी काल्पनिक नाही. अमेरिकेतील टेक्सास राज्यात १९९५ मध्ये एका हृदयरोगतज्ज्ञाने ४२ वर्षांच्या रुग्णास आयसॉर्डिल हे औषध लिहून दिले. औषधविक्रेत्याने ते प्लेंडिल असे वाचले. मात्रा आयसॉर्डिलची आणि गोळी प्लेंडिलची, अशी गल्लत झाली. रुग्णाला त्या दुसऱ्या औषधाच्या कमाल मात्रेच्या कितीतरी पट औषध मिळाले आणि तो दगावला. १९९९ मध्ये ज्यूरीने डॉक्टर आणि औषधविक्रेता या दोघांनाही जबाबदार धरून साडेचार लाख डॉलरची भरपाई देवविली. त्याच देशात लोसेक नावाचे आम्लपित्तावरील औषध लेसिक्स या मूत्रल औषधाशी घोटाळले जाऊ लागले, तेव्हा १९९० मध्ये त्याचे नावच बदलून प्रायलोसेक करावे लागले.

इतर सापळे याहून लहान आणि म्हणूनच अधिक फसवे आहेत. इन्सुलिनच्या आकड्यापुढे 'युनिट' हा शब्द न लिहिता नुसते इंग्रजी 'यू' अक्षर काढले की ते शून्यासारखे दिसते आणि १० चे १०० होतात. '१.०' असे लिहिले आणि बिंदू पुसट उमटला की एकाचे दहा होतात. आरंभीचे शून्य गाळून नुसते '.५' लिहिले की अर्ध्याचे पाच होतात. आपल्याकडे 'ओडी' म्हणजे दिवसातून एकदा, पण डोळ्यांच्या चिठ्ठीवर त्याच दोन अक्षरांचा अर्थ उजवा डोळा असाही होतो. संधिवातावरील मेथोट्रेक्सेट हे औषध आठवड्यातून एकदाच घ्यावयाचे असते. ते कोणी नित्याच्या सवयीने रोज दिले तर रक्तपेशी घटून मृत्यूही ओढवू शकतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ मध्ये बॉन येथे औषधोपचारातील टाळता येण्याजोगी हानी कमी करण्याची जागतिक मोहीम आरंभिली. अशा चुकांपायी जगाला वर्षाकाठी सुमारे ४२ अब्ज डॉलर खर्च सोसावा लागतो, असा अंदाज तिने त्या वेळी वर्तविला होता.

यावर एक आक्षेप घेतला जाईल आणि तो रास्त आहे. डॉक्टरांपुढे रुग्णांची रांग असते. एकेका रुग्णास पाच मिनिटेही मिळत नाहीत. अशा माणसाच्या घाईस अनीती म्हणणे कठोरपणाचे नव्हे काय? घाई हे पाप नाही, हे मीही मानतो. प्रश्न एवढाच की, वाचविलेल्या त्या क्षणांची किंमत कोण मोजते? 'अर्धी' हा शब्द लिहिण्यास '१/२' पेक्षा फार तर एखादा क्षण अधिक लागतो. तो क्षण वाचविला की त्याच्या जागी दुसऱ्या कोणाची तरी अर्धी रात्र जाते. ज्याच्यापाशी ज्ञान आहे, अधिकार आहे आणि समाजात मान आहे, त्याने आपल्यावरील भार ज्याच्यापाशी यांपैकी काहीही नाही त्याच्या खांद्यावर सरकविलेला असतो. हेतू वाईट नसेल. तरीही आपल्या सोयीचा भार दुर्बलावर टाकणे यास न्याय म्हणता येणार नाही.

"समजले नाही तर विचारावे," असेही म्हटले जाते. परंतु विचारण्याचे धैर्य सर्वांना सारखे नसते. मोठ्या डॉक्टरला अपरात्री उठवून 'आपण लिहिलेले मला वाचता येत नाही' असे सांगणे हे त्या मुलीच्या दृष्टीने नोकरी पणाला लावण्यासारखे आहे. एकदा तिने विचारले आणि तिला झिडकारण्यात आले की दुसऱ्या वेळी ती विचारणार नाही, अंदाज करील. म्हणजे, जो अस्पष्ट लिहितो आणि विचारणाऱ्यावर रागावतो, तो दोन्ही दारे बंद करतो.

याहून खोल एक गोष्ट आहे. ती 'एसओएस' या तीन अक्षरांत दडली आहे. 'बेचैन असल्यास एक गोळी' असे लिहिले, तर कोणाची बेचैनी? वृद्धाची, की रात्रपाळीवर एकटीने पंधरा जणांकडे पाहणाऱ्या सेविकेची? माझी मावशी फाइल शोधत होती. तिला वेदना नव्हत्या, ती कोणास मारीत नव्हती, ती केवळ जागी होती आणि भ्यालेली होती. अशा माणसाला शांत करण्यासाठी झोपेच्या गोळ्यांखेरीज कधी मनोविकारांवरील औषधेही देण्यात येतात. स्मृतिभ्रंश झालेल्या वृद्धांमध्ये या औषधांनी मृत्यूचा धोका वाढतो, असा ठळक इशारा अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २००५ मध्ये नव्या पिढीच्या औषधांच्या माहितीपत्रकावर आणि २००८ मध्ये जुन्या पिढीच्या औषधांच्याही माहितीपत्रकावर छापावयास लावला. तेव्हा 'गरज पडल्यास' असे मोघम लिहिणे म्हणजे एका माणसाला गप्प करण्याची सत्ता कोणत्याही मर्यादेविना दुसऱ्याच्या हाती देणे होय. ज्याला ती सत्ता मिळते त्यानेही ती मागितलेली नसते. लिहिणाऱ्याने स्पष्ट सांगावयास हवे : कोणते लक्षण दिसल्यास, आधी दुसरे काय करून पाहिल्यावर, किती, पुन्हा किती तासांनी, चोवीस तासांत अधिकात अधिक किती, आणि केव्हा मला कळवावे. एवढे लिहिले की ती सूचना वृद्धाचेही रक्षण करते आणि सेविकेचेही.

कायद्याने या प्रश्नाकडे दुर्लक्ष केलेले नाही. भारतीय आयुर्विज्ञान परिषदेने २००२ च्या आपल्या आचारनियमांत २०१६ मध्ये दुरुस्ती केली. डॉक्टरांनी औषधांची मूळ नावे सुवाच्य आणि शक्यतो मोठ्या इंग्रजी अक्षरांत लिहावीत, असे तिने सांगितले. २०१८ मध्ये अलाहाबाद उच्च न्यायालयाच्या लखनौ खंडपीठाने जखमांचे अवाचनीय अहवाल लिहिणाऱ्या तीन डॉक्टरांना प्रत्येकी ५,००० रुपये दंड केला. नोएडा आणि गाझियाबाद हे भाग त्याच न्यायालयाच्या अधिकारक्षेत्रात येतात. यमुनेच्या अलीकडील गुरुग्राम आणि फरीदाबाद हरियाणात मोडतात. तेथील पंजाब व हरियाणा उच्च न्यायालयापुढे जामिनाच्या एका प्रकरणात सरकारी डॉक्टरचा असा अहवाल आला की, त्यातील काहीच वाचता येईना. त्यावरून न्यायमूर्ती जसगुरप्रीत सिंग पुरी यांनी ऑगस्ट २०२५ मध्ये निर्णय दिला की, वाचता येईल अशी वैद्यकीय चिठ्ठी मिळणे हा राज्यघटनेच्या कलम २१ खालील जीविताच्या हक्काचाच भाग आहे. संगणकावरील चिठ्ठ्या रूढ होईपर्यंत डॉक्टरांनी मोठ्या अक्षरांत लिहावे आणि वैद्यकीय शिक्षणात हस्ताक्षराचा समावेश करावा, असेही त्यांनी सांगितले.

हा निर्णय स्वागतार्ह आहे. ज्या गोष्टीस आपण सौजन्य समजत होतो ती रुग्णाचे देणे आहे, हे त्यात मान्य झाले. तथापि कायद्याचा हात अक्षरापर्यंत पोहोचतो, अर्थापर्यंत पोहोचेलच असे नाही. 'गरज पडल्यास' हे शब्द संगणकाने सुरेख छापले तरी मोघमच राहतात. छापील '१/२' देखील रात्री दोन वाजता एक-दो वाटू शकते. सुवाच्य अक्षर हाताला शिकविता येते. आपला कागद कोण वाचणार आहे, कोणत्या प्रकाशात, किती थकलेल्या डोळ्यांनी, कोणती भाषा जाणणारी व्यक्ती, याचे चित्र मनापुढे आणणे हे मात्र अंतःकरणाचे काम आहे. परिचर्येचे शास्त्र घडविणाऱ्या फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी १८५९ च्या आपल्या पुस्तकात हाच मुद्दा मांडला होता. आपण हजर असताना आपण जे करतो, ते आपण नसतानाही होईल अशी व्यवस्था केली नाही, तर आपली सारी शुश्रूषा फुकट जाते, असे त्यांचे म्हणणे होते. लिहिलेली सूचना ही अशीच आपल्या गैरहजेरीत उभी राहणारी आपली प्रतिनिधी असते.

येथे लूकच्या शुभवर्तमानातील दयाळू शोमरोन्याची गोष्ट आठवते. आपण तिच्यातील तेल, द्राक्षारस आणि जखमा बांधणारे हात यांविषयी पुष्कळ ऐकतो. परंतु गोष्टीचा शेवट उतारशाळेच्या रखवालदारापाशी होतो. शोमरोन्यास पुढे जावयाचे होते. जखमी माणूस तो दुसऱ्याच्या हाती सोपवून गेला. जाताना त्याने काय करावयाचे ते सांगितले, दोन दिनार हाती ठेवले, अधिक खर्च झाल्यास तो कोण देणार आणि केव्हा, हेही सांगितले. रखवालदारास कोणत्याही अंदाजावर सोडले नाही. त्याच्या दयेचा तोही भाग होता, असे मला आता वाटते.

आता माझ्या स्वतःच्या अपराधाविषयी सांगितले पाहिजे. तो वगळला तर हा लेख दुसऱ्याकडे बोट दाखविणारा ठरेल. त्या रात्रीनंतर काही महिन्यांनी मावशीचा रक्तदाब कमी येऊ लागला. तिच्या हृदयरोगतज्ज्ञांनी मला पुण्यास फोनवर सांगितले की, रक्तदाबाची संध्याकाळची गोळी बंद करावी. मी लगेच नोएडास फोन केला आणि सकाळपाळीच्या परिचारिकेला ते सांगितले. ती तेव्हा दुसऱ्या कोणाला तरी भरवीत होती. "ठीक आहे," ती म्हणाली आणि मी समाधानाने फोन ठेवला. तक्त्यावरील ओळ तशीच राहिली. संध्याकाळच्या सेविकेने तक्त्याप्रमाणे गोळी दिली आणि प्रामाणिकपणे आपली आद्याक्षरे घातली. तिसऱ्या दिवशी पहाटे मावशी न्हाणीघराकडे जाण्यास उठली आणि चक्कर येऊन पडली. हाड मोडले नाही. कपाळाला चार टाके पडले.

माझा पहिला राग त्या परिचारिकेवर होता. रेल्वेने दिल्लीस जाताना रात्रभर मी तिला काय काय बोलावयाचे ते मनात जुळवीत होतो. मग सावकाश लक्षात आले की, '१/२' लिहिणाऱ्या डॉक्टरांनी निदान काहीतरी लिहिले होते. मी तर काहीच लिहिले नव्हते. दोन ओळींचा संदेश पाठविणे मला सहज शक्य होते. तिने काय ऐकले ते तिच्याकडून पुन्हा वदवून घेणेही शक्य होते. मला काय म्हणावयाचे आहे ते मला ठाऊक होते आणि तेवढ्याने सर्वांना ते ठाऊक झाले, असे मी धरून चाललो. डॉक्टरांचा जो दोष मी मनात धरून बसलो होतो, तोच माझा होता.

त्या भेटीत मी, परिचारिका आणि डॉक्टर अशा तिघांनी बसून मावशीचा तक्ता नव्याने लिहिला. प्रत्येक औषधापुढे ते कशासाठी आहे ते लिहिले. 'अर्धी', 'एक', 'रोज सकाळी एकदा', 'फक्त रविवारी' असे शब्द अक्षरांत लिहिले, हिंदीतही लिहिले. बंद केलेल्या औषधावर सरळ रेघ ओढून तारीख आणि सही घातली. फोनवरून आलेली सूचना ऐकणाऱ्याने लिहून घ्यावी, पुन्हा वाचून दाखवावी आणि डॉक्टर येतील तेव्हा त्यांची सही घ्यावी, असे ठरले. आद्याक्षरे औषध दिल्यावर घालावयाची, आधी नव्हे. औषध दिले नसेल, वृद्धाने नाकारले असेल, तर तसेच खरे लिहावे आणि तसे लिहिणाऱ्याला कोणी रागावू नये, हेही ठरले. यासाठी आम्हास पाऊण तास लागला. डॉक्टर प्रथम घड्याळाकडे पाहत होते. झोपेच्या गोळीची ओळ आली तेव्हा त्यांनी तक्ता स्वतःकडे ओढला आणि 'आधी' हा शब्द स्वतःच्या हाताने हिंदीत लिहिला.

आपल्यापैकी बहुतेकांवर कधी ना कधी असा प्रसंग येणार आहे. कोणाची आई, कोणाचे वडील, कोणाची अविवाहित आत्या वा मावशी दूरच्या शहरात परक्या हातांवर विसंबून राहील. त्या हातांना आपण पैसे देतो, सूचना देतो आणि चुकल्यास बोल लावतो. त्यांना समजेल असे लिहून देणे हे त्यांच्याविषयीच्या आदराचे पहिले लक्षण आहे. जो दुसऱ्याच्या हाती माणूस सोपवितो, त्याने त्याबरोबर संशयही सोपवू नये.

ती झारखंडची मुलगी अजून तेथेच आहे. तिचा तो जुना तक्ता महिना संपल्यावर नव्या तक्त्याखाली गेला. नवा तक्ता लिहिला त्या दिवशी मी तो काढून पुन्हा पाहिला. पानभर आद्याक्षरे, खुणा, तुटक आकडे. त्या साऱ्यांत कोणालाही, केव्हाही, पहिल्याच दृष्टिक्षेपात कळेल अशी एकच नोंद होती. ती त्या मुलीच्या हातची होती : 'नहीं दी. समझ में नहीं आया.'